स्पिनिंग रील घरी उघडताना: खरखर, मागे सरकणारं हँडल आणि झटके देणारा ड्रॅग

गरीवाला:
मासेमारीच्या रॉडला लावायचं 4000 साइजचं साधं स्पिनिंग रील आहे, पुढे ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरी ठरावीक ताणावर सुटू देणारा ब्रेक) असलेलं. खाऱ्या पाण्यात वापरलेलं, नंतर काही महिने तसंच पडून होतं. आता तीन तक्रारी आहेत. हँडल फिरवताना खरखर जाणवते. अधूनमधून हँडल उलटं सरकतं आणि मग खट्‌कन अडकतं. ड्रॅग सैल केला तरी दोरी आधी अडते, मग एकदम सुटते. बाहेरून तेलाचे थेंब सोडून काही फरक पडला नाही. पूर्ण उघडायची तयारी आहे, स्क्रूड्रायव्हर, चिमटा, इअरबड्स सगळं आहे. सुरुवात कुठून करू? कुठे ग्रीस आणि कुठे तेल, हेही नीट सांगा.

पिनियन:
उघडण्याआधी दोष कुठे आहे ते हातानेच शोधा, निम्मं काम वाचतं. स्पूल (दोरी जिच्यावर गुंडाळतात ती रिळाची चकरी) काढून ठेवा आणि हँडल सावकाश फिरवा. खरखर गेली, तर गिअर ठीक आहेत. मग लाइन रोलर (दोरीला स्पूलकडे वळवणारी छोटी चकती) बोटाच्या टोकाने फिरवून बघा. खाऱ्या पाण्याचा पहिला मार तिथेच बसतो, कारण ओली दोरी सतत त्याच्यावरून येते आणि मीठ आतल्या छोट्या बेअरिंगमध्ये सुकतं. स्पूल काढूनही खरखर राहिली, तर मोजा. हँडलच्या एका फेरीत एकदाच, त्याच जागी अडकत असेल तर मुख्य गिअर किंवा त्याचं बेअरिंग. एका फेरीत पाच-सहा वेळा जाणवत असेल तर पिनियन (मुख्य गिअरवर चालणारा छोटा गिअर) किंवा रोटरखालचं (स्पूलभोवती फिरून दोरी गुंडाळणाऱ्या भागाखालचं) बेअरिंग, कारण हँडलच्या एका फेरीत रोटर साधारण तेवढ्याच फेऱ्या मारतो.

आता उघडणं. पुठ्ठ्यावर साइड प्लेटचा आकार काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचून ठेवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर प्लास्टिकचे आटे कायमचे जातात. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. रोटरच्या नटावर बहुतेक वेळा एक छोटी पट्टी आणि स्क्रू असतो, तो आधी काढायचा. काही रीलमध्ये हा नट उलट आट्यांचा असतो, तेव्हा सुटत नसेल तर जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने हलकेच बघा.

सगळ्यात जास्त जपायची गोष्ट म्हणजे मुख्य गिअरच्या दोन्ही बाजूंचे पातळ शिम वॉशर. कागदाएवढे पातळ असतात, ग्रीसमुळे बेअरिंगला चिकटून बाहेर येतात आणि फडक्यात हरवतात. डाव्या बाजूचे डावीकडे, उजव्या बाजूचे उजवीकडेच परत जायला हवेत. गिअर आणि पिनियन एकमेकांत किती खोल बसतात ते हेच वॉशर ठरवतात.

जुनं ग्रीस लाकडी काडीने खरवडा. बॉडी आणि प्लास्टिकचे भाग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश यांनी धुवा. थिनर किंवा ॲसिटोन प्लास्टिकला आणि रंगाला लावू नका. धातूचे गिअर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सगळं पूर्ण सुकल्याशिवाय जोडू नका.

ग्रीस कुठे: मुख्य गिअर, पिनियन आणि स्पूल वरखाली करणाऱ्या यंत्रणेच्या घासणाऱ्या जागा. ब्रशने इतकंच लावा की दातांचा आकार स्पष्ट दिसत राहील. तेल कुठे: लाइन रोलर, हँडलचा नॉब, बेलचे (दोरी रोलरकडे आणणाऱ्या तारेच्या कमानीचे) सांधे, उघडी बेअरिंग. प्रत्येकी एक थेंब पुरे. गंज सोडवायचे पातळ स्प्रे वंगण म्हणून वापरू नका, ते आतलं ग्रीस विरघळवून नेतात आणि स्वतः फार टिकत नाहीत. डायवा कंपनीचं मॅगसील्ड (चुंबकीय तेलाने सील केलेलं) रील असेल तर त्या सीलच्या जागी बाहेरून तेल सोडायचंच नाही, आतलं चुंबकीय तेल बिघडतं.

वनवे:
हँडल उलटं सरकण्याबद्दल. रोटरखाली एकेरी क्लच असतो, आत छोटे रोलर आणि बारीक स्प्रिंग. रोलर धातूच्या नळीला घट्ट धरतात म्हणून हँडल मागे जात नाही. तिथे ग्रीस गेलं की रोलर चिकटून बसतात, वेळेवर धरत नाहीत, आणि तुम्ही सांगता तसं आधी सरकतं, मग खट्‌कन अडकतं. थंडीत ग्रीस घट्ट झाल्यावर हे आणखी वाढतं. बाहेरून भरपूर तेल सोडलं तरी तोच परिणाम.

क्लच काढताना नळी आत ठेवूनच अख्खा उचला. नळी सुटली की रोलर आणि स्प्रिंग बाहेर सांडतात. कोणती बाजू वर होती त्याचा फोटो हवाच, उलटा बसवला तर रील उलट दिशेलाच अडेल. अल्कोहोलमध्ये बुडवून हलवा, वाळू द्या, नळी पुसून कोरडी करा. मग सुईच्या टोकावर मावेल एवढं अगदी पातळ तेल. एवढं करूनही सरकत असेल तर नळीवर घासल्याचे पट्टे पडलेत का बघा. पडले असतील तर नळी किंवा अख्खा क्लच बदलावा लागतो.

तंगूस:
ड्रॅगचा झटका ही माझ्या मते तिघांतली सगळ्यात गंभीर तक्रार. दोरी तुटते ती याच क्षणी. स्पूलवरचा ड्रॅगचा नॉब काढा, स्पूलच्या आत तारेची गोल क्लिप दिसेल, ती चिमट्याने उचला. दुसऱ्या हाताचं बोट वर धरा, नाहीतर उडते. वॉशर निघतील त्या क्रमाने तारेत ओवा. धातूच्या चकत्या एकाआड एक शाफ्टला आणि स्पूलला अडकतात. क्रम चुकला तर ड्रॅग नीट चालतच नाही.

फेल्टचे (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचे) वॉशर दाबले जाऊन चकचकीत झाले असतील तर बदला. नुसते सुकले असतील तर ड्रॅगसाठीचं ग्रीस बोटांनी मुरवा आणि वरचं जास्तीचं पुसून काढा. कार्बनचे वॉशर अल्कोहोलने पुसून, वाळवून त्यांना ड्रॅगच्या ग्रीसचा फक्त पातळ हात. साधं गिअरचं ग्रीस इथे नको. धातूच्या चकतीवर गंजाचे ठिपके असतील तर सपाट काचेवर 1000 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून ती गोल घासा.

जोडल्यावर तपासणी स्प्रिंगच्या वजनकाट्याने करा. दोरी रॉडच्या कड्यांमधून ओवून काट्याला बांधा, रॉड साधारण 45 अंशांवर धरा आणि हळू, एकसारखं ओढा. सुटताना काट्यावरचा आकडा आधी वर जाऊन मग धपकन खाली येत असेल, तर ड्रॅग अजून चिकटतोय. सेटिंग दोरीच्या ताकदीच्या पाव भागाला ठेवा: 10 किलोची दोरी असेल तर सुमारे 2.5 किलो. लीडर (मुख्य दोरीच्या टोकाला जोडलेला वेगळ्या दोरीचा तुकडा) किंवा गाठ कमजोर असेल तर हिशोब तिच्यावरून. आणि दोरी जाऊन स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की त्याच सेटिंगला दुप्पट ओढ लागते, म्हणून मासा लांब धावत असताना ड्रॅगचा नॉब आणखी आवळू नका.

गरीवाला:
खरखर गेली, क्लच लगेच धरतो, ड्रॅगही गुळगुळीत चालतो. दोन नव्या गोष्टी दिसल्या. हँडल आधीपेक्षा जड फिरतंय, आणि नवी दोरी भरल्यावर ती स्पूलच्या पुढच्या काठाकडे जास्त साचते.

पिनियन:
जडपणासाठी साइड प्लेटचे स्क्रू पाव फेरी सैल करून बघा. लगेच हलकं झालं तर शिमची अदलाबदल झाली आहे किंवा एक जास्त बसलाय, फोटो पाहून परत लावा. तसंच जड राहिलं तर ग्रीस जास्त झालंय.

दोरी पुढे साचते म्हणजे स्पूल गरजेपेक्षा खाली बसलाय. शाफ्टवर स्पूलखाली जो पातळ वॉशर असतो तो साफ करताना राहून गेला असेल. एक वॉशर घाला, पुन्हा भरून बघा. मागे साचली असती तर उलट, एक काढायचा. भरताना काठापासून 2 ते 3 मिलिमीटर जागा सोडा. ब्रेडेड (विणलेली) दोरी थेट स्पूलला बांधलीत तर ताण आल्यावर अख्खी गुंडाळी घसरते, खाली थोडा साधा तंगूस (एकेरी नायलॉन दोरी) आधी गुंडाळा.

तंगूस:
पुढच्या वेळी खाऱ्या पाण्यातून आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे पाणी वॉशरपर्यंत जात नाही. जोराची धार नको, बादलीत बुडवणंही नको, दोन्हीने मीठ आत ढकललं जातं. पुसून सावलीत वाळवा, मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेला ठेवलात तर फेल्ट चपटे होतात आणि तोच झटका परत येतो. लाइन रोलरला तेलाचा एक थेंब त्याच दिवशी.