मदत हवी आहे: डी आन्झातून यूसीत ट्रान्सफर, युनिटं नेमकी कुठे धरली जातात?

कूपर्टिनोकर

मुलगी जून २०२६मध्ये हायस्कूल संपवेल. फॉलपासून डी आन्झा कॉलेज (इथलं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज) आणि फॉल २०२८ला यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) एखाद्या कॅम्पसवर कम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षात जायचं, असा विचार आहे. कॅटलॉगमध्ये बहुतेक कोर्सपुढे 'यूसी ट्रान्सफरेबल' लिहिलेलं आहे. तरीही पुष्कळ मुलांना दोनाऐवजी तीन वर्षं लागतात असं कानावर येतं. अडतं कुठे? ६० युनिटं (कोर्सच्या श्रेयाचं माप) लागतात की ९०? कॅल-जीईटीसी (सामान्य शिक्षणाच्या कोर्सचा संच) पूर्ण करावं का? टॅग (ट्रान्सफर प्रवेशाच्या हमीचा अर्ज) भरला की प्रवेश पक्का का? तिने एपी कॅल्क्युलस एबीची (हायस्कूलमध्ये देता येणारी कॉलेजपातळीची) परीक्षा दिली आहे, त्याचं काय?

पाटीपेन्सिल

घोळ 'ट्रान्सफरेबल' या शब्दातच आहे. त्याचे तीन अर्थ होतात. पहिला, कोर्सची युनिटं एकूण बेरजेत धरली जातात. दुसरा, तो कोर्स सामान्य शिक्षणाची एखादी अट पुरी करतो. तिसरा, तो मेजरसाठी (मुख्य विषयासाठी) विद्यापीठातल्या एका ठरावीक कोर्सच्या जागी चालतो. कॅटलॉगमधली खूण फक्त पहिला अर्थ सांगते. ९० युनिटं जमली, पण मेजरचे दोन कोर्स राहिले, की अर्ज मागे पडतो किंवा वर्ष वाढतं.

तिसऱ्या अर्थासाठी असिस्ट डॉट ऑर्ग ही राज्याची अधिकृत साइट आहे. आधी शैक्षणिक वर्ष, मग डी आन्झा, मग यूसीचा कॅम्पस आणि शेवटी मेजर निवडा. डाव्या रकान्यात विद्यापीठाचा कोर्स दिसेल, उजव्यात डी आन्झाचा. उजवीकडे दोन कोर्स 'आणि'ने जोडलेले असतील तर दोन्ही करावे लागतात, एकाने अर्धं श्रेय मिळत नाही. 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' दिसलं तर तो विषय तिथे गेल्यावर करायचा. ही यादी म्हणजे डी आन्झा आणि त्या कॅम्पसमधला करार. पाच कॅम्पसचे करार शेजारी शेजारी ठेवा आणि सगळ्यांत येणारे कोर्स आधी घ्या. दरवर्षी नवा करार तपासा आणि ज्या वर्षी कोर्स केला त्या वर्षीची पीडीएफ जपून ठेवा.

६० की ९०, तर दोन्ही बरोबर. ६० सेमिस्टर युनिटं म्हणजे ९० क्वार्टर युनिटं. डी आन्झा क्वार्टरवर (वर्षाला तीन सत्रं, सेमिस्टरला दोन) चालतं, म्हणून तुमचा आकडा ९०. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला क्वार्टर युनिटामागे ३१ डॉलर, म्हणजे ९० युनिटांचे २,७९० डॉलर, बाकीची किरकोळ शुल्कं वेगळी. कम्युनिटी कॉलेजातली कमाल १०५ क्वार्टर युनिटं धरतात. त्यावरच्या कोर्सला विषयाचं श्रेय मिळतं, युनिटांचं नाही.

साकव

दोन वर्षांची तीन होतात ती बहुधा गणितामुळे. डी आन्झात कॅल्क्युलस चार क्वार्टरचं आहे, त्यापुढे डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्रा. सहा कोर्स, पाच-पाच युनिटांचे, म्हणजे ९०पैकी ३० इथेच गेली. सगळ्या कॅम्पसना सहाही लागत नाहीत, पण क्रम मोडता येत नाही. फॉल, विंटर, स्प्रिंग धरून दोन वर्षांत सहाच क्वार्टर मिळतात. सुरुवात प्रीकॅल्क्युलसपासून झाली तर उन्हाळा वापरूनच गाडी रुळावर येते. पहिल्या फॉलला कॅल्क्युलस, दुसऱ्या क्वार्टरपासून भौतिकशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग सुरुवातीपासून, असं आखा.

कॅल-जीईटीसी ११ कोर्सचं आहे. २०२५च्या फॉलपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी ते आयजीईटीसी या जुन्या संचाच्या जागी आलं. कम्प्युटर सायन्सला आधी मेजरचे कोर्स, हे माझं ठाम मत. ज्या कॅम्पसवर हा विषय इंजिनिअरिंगखाली येतो तिथे तर हे पॅकेज अर्धवट राहिलं तरी बिघडत नाही. यूसीचे किमान सात कोर्स मात्र टाळता येत नाहीत: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक आणि उरलेले चार कला-मानव्य, सामाजिक शास्त्रं, विज्ञान यांतल्या निदान दोन विभागांतून. प्रत्येकात सी किंवा वर, सी-मायनस चालत नाही. ते २०२८च्या स्प्रिंगपर्यंत संपायला हवेत, त्यानंतरचा उन्हाळा धरत नाहीत.

एपीचं श्रेय डी आन्झाने दिलं म्हणून यूसी देईलच असं नाही. यूसी मूळ गुण पाहून स्वतः ठरवते, आणि प्रत्येक कॅम्पसचा तक्ता वेगळा. परीक्षेचं श्रेय घेऊन तोच कोर्स परत केला तर युनिटं दोनदा मिळत नाहीत.

कूपर्टिनोकर

खूप आभार. भौतिकशास्त्राचा एक भाग उन्हाळ्यात दुसऱ्या, सेमिस्टरवाल्या कॉलेजात केला तर चालेल का?

साकव

शक्यतो नको. मालिका एकाच कॉलेजात संपवा. कॅल्क्युलसचंच बघा: क्वार्टरचे दोन कोर्स म्हणजे १० युनिटं, सेमिस्टरच्या हिशेबाने साधारण ६.६७. सेमिस्टरवाल्या कॉलेजात जाल तेव्हा तिथल्या दुसऱ्या कोर्सच्या मध्येच पोचता, काही धडे दोनदा येतात आणि काही कायमचे सुटतात. करार पूर्ण मालिकेचा असेल तर तुकडे जोडून तो पुरा होईलच असं नाही. इंग्रजी किंवा इतिहासासारखा सुटा कोर्स बाहेर करायला हरकत नाही.

वहीपान

टॅगबद्दल. तो सहा कॅम्पसवर आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सॅन्टा बार्बरा, सॅन्टा क्रूझ. एकाच ठिकाणी भरता येतो. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगोला नाही. शिवाय प्रत्येक कॅम्पस काही मेजर वगळतो. सॅन्टा बार्बरात कम्प्युटर सायन्स इंजिनिअरिंग कॉलेजात आहे आणि त्या कॉलेजाला टॅग नाही. म्हणून त्या वर्षीचा टॅग तक्ता पाहिल्याशिवाय भरवसा ठेवू नका.

तुमच्या तारखा अशा: टॅग १ ते ३० सप्टेंबर २०२७, तोवर ४५ क्वार्टर युनिटं पूर्ण हवीत. मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वेगळा भरायचा, टॅगच्या कॅम्पसला मेजर तेच ठेवून. जानेवारीअखेर फॉलचे गुण आणि स्प्रिंगचे कोर्स अद्ययावत करायचे. प्रवेश स्वीकारल्यावर १ जुलैपर्यंत प्रत्येक कॉलेजची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक), हायस्कूलमध्ये असताना कॉलेजचा एकच कोर्स केला असेल तरी त्याचीसुद्धा. स्प्रिंगमध्ये एखादा कोर्स सोडला तर लगेच कळवा. न कळवल्याने मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

मुलगी एच-४वर (एच-१बी व्हिसावाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर आणखी एक. कॅलिफोर्नियात एक वर्ष एक दिवस वास्तव्याचे पुरावे दिले की एच-४वर रहिवासी फी मिळू शकते. पण २१व्या वाढदिवसाला एच-४ संपतो आणि एफ-१वर (विद्यार्थी व्हिसावर) नव्याने रहिवासी ठरता येत नाही. हिशेबाने ही तारीख बहुधा यूसीतल्या पहिल्या वर्षात पडेल. कॅम्पस निवडण्याआधीच तिथल्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.