लूत, खरूज की चाई?

प्रश्न
आमच्या माऊच्या डाव्या कानाच्या कडेला खपली धरलीय, तिथले केसही गेलेत. आई म्हणते लूत लागली. शेजारच्या काकू खरूज म्हणतात, बहीण चाई. तिन्ही एकच का? डॉक्टरांना फोनवर काय सांगू?

उत्तर १
एकच नव्हेत. खरूज माणसाला, लूत जनावराला, असा ढोबळ वापर. ‘लूत भरलेलं कुत्रं’ सगळ्यांच्याच तोंडी असतं. संस्कृतात लूता म्हणजे कोळी, आणि एक त्वचारोगसुद्धा. गंमत अशी की मांजराची लूत ज्या नोटोएड्रेस नावाच्या किड्यामुळे होते, तोही आठ पायांचा, कोळ्याच्याच गोतावळ्यातला! ही लूत बहुधा कानाच्या कडेलाच सुरू होते, मग तोंड, मान. आईंचं ऐका.

उत्तर २
चाईत नुसतं टक्कल पडतं, खपली नसते. गजकर्ण विसरू नका, कुणी नायटा म्हणतात. गोल चट्टा, वर कोंडा. ती बुरशी, मांजराची माणसाला लागते. घरात कुणाच्या हातावर तसा चट्टा उठलाय का?

उत्तर ३
मला नामापेक्षा क्रियापदं महत्त्वाची वाटतात. पुरळ उठतं, चाई पडते, खपली धरते, जखम चिघळते, लूत भरते. दुखणं कुठल्या चालीने चाललंय ते त्यातच कळतं. आमच्या पांढऱ्या बोक्याच्या कानाची खपली पडायची आणि पुन्हा धरायची. आम्ही ‘बरी होतेय’ म्हणत राहिलो. तो उन्हाने होणारा कर्करोग निघाला. पांढऱ्या कानांना तो धोका असतोच. तेव्हापासून दर रविवारी त्याच खिडकीत, शेजारी मापाला रुपयाचं नाणं धरून कानाचा फोटो काढतो. आणि हो, कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असेल तर जिवावर बेतेल.

प्रश्नकर्ती
घरात कुणालाच चट्टा नाही. फोनवर रोगाचं नाव घेतलंच नाही. ‘कानाच्या कडेला खपली धरलीय, पंधरा दिवसांत दुसऱ्या कानावर आणि कपाळावर आलीय, सारखी खाजवते,’ एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी नेऊन दाखवायला सांगितलं. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि म्हणाले, “लूतच आहे.” आई दोन दिवस भलतीच खुशीत आहे.