रीडर अपडेट करू की नको?

प्रेषक: वाचनगट समन्वयक

नमस्कार मंडळी,

गटाचं काम बाजूला ठेवून आज घरगुती प्रश्न विचारते, रागावू नका. माझा ई-रीडर सहा वर्षांचा झाला. कायम विमान मोडवर असतो, पुस्तकं मी केबलनं भरते. परवा काही कारणानं वायफाय चालू केलं, तेव्हापासून ‘नवीन आवृत्ती उपलब्ध’ ही पाटी कोपऱ्यात ठाण मांडून बसलीये. लेक म्हणते, करून टाक. माझं म्हणणं, चालत्या गाडीला खीळ कशाला घाला? तीनशेच्या वर पुस्तकं आहेत आणि रेघा मारलेल्या ओळी तर किती, मोजल्याच नाहीत. त्या गेल्या तर जीव हळहळेल. कुणी केलंय का?

प्रेषक: माजी कार्यवाह

ताई, अजिबात करू नका. मी उत्साहाच्या भरात केलं आणि दर पानाला पडदा काळा होऊन उघडझाप व्हायला लागली. डोळे शिणले. जुन्या आवृत्तीची फाइल शोधून घातली तर रीडर ती घेईचना. आत जाता येतं, बाहेर पडता येत नाही, अगदी चक्रव्यूह. शिवाय या कंपन्यांचा काय भरवसा? २६ फेब्रुवारी २०२५पासून अ‍ॅमेझॉननं त्यांच्या किंडल रीडरची विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून केबलनं भरायची सोय बंदच केली. उद्या अपडेटच्या नावाखाली आणखी काय काढून घेतील!

प्रेषक: मंडळाचं संकेतस्थळ सांभाळणारा

> उद्या अपडेटच्या नावाखाली आणखी काय काढून घेतील!

काका, ती सोय संकेतस्थळावरून गेली. रीडर अपडेट केला नसता तरी गेलीच असती. आणि पडदा काळा होण्याचं म्हणाल तर ते बहुधा सेटिंग असावं. ई-इंकच्या, म्हणजे आपल्या रीडरांच्या कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यावर आधीच्या पानाची पुसट सावली उरते, ती घालवायला तो अधूनमधून पूर्ण काळा-पांढरा करून घेतात. दर पानाला करायचं की काही पानांनी, हे बऱ्याच रीडरांत ठरवता येतं. अपडेटनंतर कधीकधी ते मूळपदावर येतं. पण मागे फिरता येत नाही हे तुमचं खरं आहे, आणि म्हणूनच ताईंनी घाई करू नये.

ताई, नेटवर दुकान उघडणं किंवा सिंक करणं हे तुमचं काम असतं तर मी कर म्हटलं असतं. जुन्या रीडरातली सुरक्षा प्रमाणपत्रं, म्हणजे दुकानाशी सुरक्षित जोडणी करायची ओळखपत्रं, शिळी होतात. २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉननं २०१२ आणि त्याआधीच्या बऱ्याच किंडलना २२ मार्चची मुदत दिली होती. ज्यांची ती चुकली त्यांना दुकान आणि सिंक बंद, मग फाइल केबलनं चढवून हातानं अपडेट. तुम्ही केबलवाल्या, तुम्हाला त्याचं सोयरसुतक नाही. फक्त वायफाय चालू ठेवून चार्जिंगला लावू नका, बरेच रीडर रात्रीत स्वतःच उरकून घेतात.

रेघांसाठी: किंडल असेल तर पुस्तकांच्या फोल्डरातच ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची साधी मजकूर फाइल असते. कोबो असेल तर लपवलेल्या फोल्डरात ‘कोबोरीडर’ नावाची डेटाबेस फाइल. जी असेल ती संगणकावर उतरवून ठेवा. ‘क्लिपिंग्ज’मधून खुणा परत पुस्तकात उमटत नाहीत, पण ओळी तरी हातात राहतात.

आणि निर्णय घ्यायच्या आधी एवढं करा. खालची ओळ तुमचा रीडर उघडतो अशा एका ई-पुस्तकाच्या फाइलीत टाकून जोडाक्षरं नीट जुळतात का ते तुमच्या रीडरवर बघा, आणि अपडेट केलेलं हेच मॉडेल कुणाकडे असेल तर त्यावरही:

दर्या, दऱ्या, आचार्याला, आचाऱ्याला, तऱ्हा, हृदय, उद्ध्वस्त, ब्राह्मी, किर्र

प्रेषक: वाचनगट समन्वयक

लेकीकडे हेच मॉडेल आहे, अपडेट केलेलं. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. तिच्याकडे सगळं जागच्या जागी. माझ्याकडे ‘दर्या’ ठीक, पण ‘दऱ्या’ म्हणजे खाली टिंब असलेला र, त्याचा पाय मोडलेला, आणि मग य एकटाच लांब उभा. ‘तऱ्हा’ची तीच तऱ्हा. इतकी वर्षं मी याबद्दल पुस्तकं काढणाऱ्यांना नावं ठेवत होते! मुद्रितशोधन नाही म्हणून तावातावानं बोललेय मी गटात.

प्रेषक: माजी कार्यवाह

मग फाँट बदला की. त्यासाठी अख्खा रीडर कशाला उलथापालथा करायचा?

प्रेषक: मंडळाचं संकेतस्थळ सांभाळणारा

काका, एरवी मीही आधी तेच सांगितलं असतं. पण देवनागरीत फाँट म्हणजे नुसते साचे. फाइलीत ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी साठवलेली असते, दिसताना मात्र वेलांटी क च्या आधी यावी लागते. ही उलटापालट आणि जोडाक्षरांची निवड करणारा भाग रीडरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे अपडेटनं बदलतं त्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, बसलेला असतो. त्याला ऱ्य मधली अर्ध्या र ची चंद्रकोर ठाऊक नसेल तर फाँटमध्ये असूनही ती तो मागवत नाही. हिंदीला ही चंद्रकोर लागत नाही, त्यामुळे तपासणाऱ्यांच्या नजरेतून ती सहज निसटते.

एक आडवाट आहे: केओरीडर नावाचं पुस्तकं वाचायचं मुक्त सॉफ्टवेअर चढवायचं, ते ही जुळणी हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून स्वतःच करून घेतं. पण काही रीडरांत त्यासाठी कंपनीनं घातलेलं कुलूप तोडावं लागतं. ताई, तुमच्यासमोर अपडेट केलेला नमुना आहे आणि तो नीट दिसतोय. मी असतो तर केलं असतं.

प्रेषक: वाचनगट समन्वयक

केलं. आधी पुस्तकं आणि रेघांची फाइल उतरवून घेतली, चार्जिंग पूर्ण भरलं, मग बटण दाबलं. दोनदा आपणहून बंद होऊन चालू झाला, तेवढ्यात माझं दोनदा पाणी पाणी झालं. रेघा शाबूत आहेत. एका जाडजूड पुस्तकात मात्र कुठवर आले होते ते विसरला, पार पहिल्या पानावर नेऊन ठेवलं. आणि काका, पडदा माझाही दर पानाला काळा व्हायला लागला होता. वाचनाच्या सेटिंगमध्ये ‘दर पानाला रिफ्रेश’ची खूण होती, ती काढली. तुमच्याकडेही तिथेच बघा.

‘दऱ्या’ नीट दिसतायत. गटात ज्यांना नावं ठेवली, त्यांची माफी पुढच्या बैठकीत मागते.