प्रति: अँबू बॅगला फीडबॅक यंत्र कशाला?

"सरावाने हात बसतो, मग यंत्र कशाला?" असं वर कुणीतरी विचारलंय. हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती दाबण्याबाबत ते बरंचसं पटेल, पण अँबू बॅगचं, म्हणजे मास्क लावून हाताने पिळून श्वास द्यायच्या पिशवीचं, गणित वेगळं आहे. मोठ्यांच्या बॅगेत साधारण दीड लिटर हवा मावते आणि पेशंटला लागते 500-600 मिली, म्हणजे ती पूर्ण पिळायचीच नसते. श्वासनलिकेत ट्यूब टाकलेली असेल तर दर 6 सेकंदांनी एक श्वास. धावपळीत हे मोजतं कोण? 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या अभ्यासात अँब्युलन्सवाल्यांची सरासरी निघाली मिनिटाला 30 श्वास! प्रशिक्षित माणसं बरं का ही. जादा हवेने छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं.

फीडबॅक यंत्र म्हणजे मास्क आणि बॅगेच्या मध्ये बसणारा सेन्सर; तो हवेचं प्रमाण, वेग आणि गळती दाखवतो. मला गळतीचा आकडा सगळ्यात कामाचा वाटतो. जबड्याखालची बोटं जरा सैलावली की हवा गालावरून निसटते, छाती उचलत नाही, आणि आपण बॅग आणखी जोरात पिळतो. यंत्र नसेल तर निदान एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा, बॅग दुसऱ्याने दाबावी.