रि: कॉफी मशीन गेलं, नवीन कुठलं घेऊ?

हॅरोहून:
नमस्कार मंडळी, गणपतीच्या वर्गणीचं चालू असताना मध्येच घुसतेय, सॉरी, पण तातडीचं आहे. आमचं कॉफी मशीन काल वारलं. १४ वर्षांचं होतं, हे घर घेतलं तेव्हाचं, एका बॉयलरचं, म्हणजे आधी कॉफी काढा, मग वाफेचं बटण दाबून थांबा, मग दूध फेसवा. दोन महिने पावडर भरायच्या हँडलच्या कडेने गळत होतंच, आता चालू केलं की अख्ख्या घराची लाईट जाते. हे म्हणतात नवीन घे. मला घ्यायचं नाहीये पण कॉफीशिवाय डोकं चालत नाहीये, तर कोण काय वापरतं सांगा. कॅप्सूलवालं नको.

क्रॉयडनहून:
वहिनी, थांबा जरा. हे दोन वेगळे आजार आहेत. कडेने गळणं म्हणजे गॅस्केट, रबराची रिंग असते, उष्णतेने दगड होते. हँडल पूर्वी सरळ समोर यायचं ते आता पार उजवीकडे जातं ना? मग तेच, स्वस्तात मिळते, घरी बदलता येते. लाईट जाणं मात्र वाईट लक्षण. पाणी तापवणाऱ्या एलिमेंटला चीर पडून पाणी आत शिरलं की करंट अर्थला जातो आणि बोर्डावरचा आरसीडी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडतो. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, प्लग काढून ठेवा. लंडनचं पाणी किती क्षाराचं ते किटलीत बघा. डीस्केल, म्हणजे आतला क्षार काढणं, किती वेळा करायचात?

स्लाऊहून:
काकांनी डीस्केलचं विचारलं, आता वहिनी गप्प बसणार 😀 मी गेल्या वर्षी बँबिनो प्लस घेतलं, इकडे सेज या ब्रँडच्या नावाने मिळतं. ३ सेकंदांत गरम, खरंच. फक्त त्याचं हँडल ५४ मिमीचं, तुमचं ५८ चं असेल तर पावडर दाबायचा जुना टॅम्पर, पावडरीची जाळीची बास्केट काही बसणार नाही. आणि दुकानात खोक्यावर १५ बार प्रेशर बघून भुलू नका, एस्प्रेसोला साधारण ९ च लागतात.

हॅरोहून:
काका, खरं सांगते, वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत. बोला आता. इलेक्ट्रिशियनने मीटर लावून बघितलं, एलिमेंटच गेलंय, बॉयलर उघडला तर आतून क्षार भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून आला. शेवटी शनिवारी ते ३ सेकंदवालं आणलं. कॉफी चांगली होते, नाही कशाला म्हणू, दूध तर माझ्यापेक्षा छान फेसाळतं, वरून जायफळ किसलं की झालं (जुन्यात एकदा पावडरीतच किसून घातलं होतं, जाळी बुजली, ह्यांना अजून माहीत नाही). पण जुनं नीट तापायला २० मिनिटं लागायची, हे बटण दाबून अंघोळीला जायचे आणि ते कुरकुरत तापेपर्यंत मी ओट्याशी नुसती बसायची, पोरं उठायच्या आत. आता कॉफी आधी होते आणि हे बाथरूममधून ओरडतात, झाली का?

जुन्याचा पंप आणि हँडल धडधाकट आहे, पार्ट्ससाठी कुणाला हवं असेल तर रविवारी मीटिंगला घेऊन येते. टॅम्पर मागू नका, पेढे दाबायला ठेवलाय.