ओठ ओले की कोरडे? आधी माउथपीस बघा
ट्रम्पेट वाजवताना ओठ कोरडेच हवेत, ओले ठेवले की माउथपीस (वाद्याचा ओठांवर टेकवायचा भाग) सरकतो, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. ओल्या ओठांवर माउथपीस आपसूक जागेवर बसतो आणि खालच्या सुरावरून एकदम वर जाताना ओठ अडकत नाहीत. कोरड्या ओठांनी पकड घट्ट येते खरी, पण जागा जरा चुकली तर सूर तुटेपर्यंत ती तशीच राहते. दोन्ही पद्धतींचे उत्तम वादक आहेत. मधली अवस्था मात्र वाईट, म्हणजे थुंकी अर्धवट वाळून चिकट झालेली. वाजवायच्या आधी गोड सरबत प्यायलं की नेमकं हेच होतं.

ओल्या-कोरड्याच्या या वादात राहून जाणारी गोष्ट म्हणजे माउथपीसचा मुलामा. सोन्याच्या मुलाम्यावर ओठ चांदीपेक्षा जास्त सरकतात, त्यामुळे कोरडे ओठ ठेवणाऱ्या काहींना तो सोयीचा वाटतो. आमच्या लग्नाच्या बँडमध्ये जुने माउथपीस हातोहात फिरतात. कडेचा मुलामा उडून पिवळं पितळ दिसायला लागतं, काहींच्या ओठांची आग होते, आणि दोष जातो उन्हाला. असा माउथपीस बदला नाहीतर परत मुलामा चढवून घ्या. मे महिन्याच्या वरातीत ओठ सारखे चाटू नका, थुंकी उडून जाताना ते आणखी फुटतात. पाण्याचा घोट बरा. व्हॅसलीन रात्री झोपताना, वाजवण्याआधी लावलंच असेल तर पुसून टाका.