हौशी ड्रॅग रेस: हरणाराही पुन्हा यावा, यासाठी काय करावे?

कारंजेकर (धागाकर्ता):
गाड्यांची पाव मैलाची, म्हणजे सुमारे 402 मीटरची सरळ धाव, शेजारी एकच प्रतिस्पर्धी आणि काही सेकंदांत निकाल. आमच्या भागातील मुले रीतसर परवानगीच्या स्पर्धेसाठी दूरवर जातात, पहिल्याच फेरीत बाद होतात आणि पुढच्या वर्षी फिरकत नाहीत. हरल्याचे दुःख त्यांना नसते. ज्याच्या घरी संत्र्याचा मोठा बगिचा त्याचेच इंजिन जोरदार, हे आधीच ठाऊक असते, त्याचे असते. म्हणून अमेरिकेतील हौशी लोकांची ‘ब्रॅकेट’ पद्धत येथे यावी, असे माझे मत आहे. तीत प्रत्येकाने आपली वेळ आधी जाहीर करायची. एकाने 15.20 सेकंद सांगितले आणि दुसऱ्याने 13.00, तर पहिल्याला 2.20 सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो. मात्र जाहीर वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा सहसा बाद होतो.

गॅरेजवाला, यवतमाळ:
भाऊ, मला हे मान्य नाही. शेवटच्या काही मीटरांत ब्रेक दाबून वेळ जुळवणारा जिंकणार असेल, तर रात्र-रात्र जागून कार्ब्युरेटरचे जेट आणि साखळीचे दातेरी चाक (स्प्रॉकेट) बदलणाऱ्याने काय करायचे? शिवाय समान सुरुवातीच्या शर्यतीतही केवळ पैसा जिंकतो, हे खरे नाही. धावेची वेळ चाक हलल्यापासून मोजली जाते, हिरव्या दिव्यापासून नव्हे. समजा, एकाची वेळ 13.40 आली, पण तो दिव्यानंतर 0.45 सेकंदाने निघाला, आणि दुसऱ्याची 13.55 येऊनही तो 0.12 सेकंदातच सुटला, तर जिंकतो दुसराच. ही चपळाई विकत मिळत नाही.

पटप्रेमी, तळेगाव दशासर:
आपण दोघेही प्रतिस्पर्ध्यातच अडकला आहात. विदर्भातील अनेक शंकरपटांत, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींत, जोडी घड्याळाविरुद्ध धावते, त्यामुळे बक्षीस न मिळालेला, जोडी हाकणारा धुरकरीही मागच्या खेपेपेक्षा आपली वेळ किती सुधारली, हे सांगत घरी जातो. 2014 च्या न्यायालयीन बंदीनंतर डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली, तेव्हा लोक याच ओढीने परतले. (जोडीची किंमत लाखांत गेली, हे दुखणे पटातही आहेच, मी ते झाकत नाही.) तेव्हा पद्धत कोणतीही असो, प्रत्येकाच्या हाती वेळेची चिठ्ठी द्यावी आणि सर्वाधिक सुधारणेला वेगळे बक्षीस ठेवावे.

कारंजेकर:
सुधारणेच्या बक्षिसात एक पळवाट आहे: पहिली धाव मुद्दाम संथ मारता येते. गॅरेजवाल्यांचा मुद्दा मात्र पटतो. म्हणून सकाळी समान सुरुवातीची शर्यत आणि तीत हरलेल्यांसाठी दुपारी ब्रॅकेट, असे करावे. एवढा प्रवास करून एकच धाव मिळालेला मुलगा गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर हौस भागवतो, आणि विनापरवाना शर्यतीला मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गॅरेजवाला, यवतमाळ:
दुपारची फेरी चालेल. तिला रोख बक्षीस मात्र नको, नाहीतर सकाळी मुद्दाम हरणारे निघतील. मागचा टायर द्यावा.